डेंगळे थंडीने आले नाहीत

"वातावरणातील बदलामुळेही डेंगळे येण्याची शक्यता नाकारता येत नाही."

पंचनाम्याच्या शेवटी हे वाक्य घालाच, असा हट्ट बियाणे कंपनीचा माणूस माझ्या बांधावर उभा राहून करत होता. तोंडाने 'काका, काका' आणि नजर कृषी अधिकाऱ्यांच्या पेनावर. चौकट टाकून कांद्याची झाडं मोजून झाली होती, शेकडा किती डेंगळे, म्हणजे कांदा पोसण्याआधीच फुलाच्या दांड्यावर गेलेली झाडं, हा आकडा लिहून झाला होता, आणि आता त्या आकड्याला निकामी करणारं एक वाक्य त्याला हवं होतं. मी म्हटलं, "लिहा साहेब. पण त्याच्या खाली हेही लिहा, की बांधापलीकडे माझ्या चुलतभावाचं वावर आहे. विहीर एक, जमीन एक, लागण त्याच आठवड्यातली. फक्त उळं घरचं, विकतचं बी नाही. तिथे जाऊन मोजा आणि तोही आकडा लिहा."

कंपनीचा माणूस लगेच म्हणाला, "त्याचा इथे काय संबंध?" त्याच क्षणी मला कळलं, की संबंध तिथेच आहे.

अधिकारी भला माणूस होता. चप्पल काढून सारं ओलांडत पलीकडे गेला. तिथे एका चौकटीत एखादा डेंगळा, दुसऱ्या चौकटीत एकही नाही. माझ्याकडे जवळजवळ निम्मी झाडं दांड्यावर आलेली. हे सगळं कागदावर आलं, वर शेजाऱ्याचा गट नंबरही आला. थंडी काय बांध बघून पडते का? ग्राहक आयोगातली माझी केस आज ज्यावर उभी आहे त्या याच दोन ओळी, आणि हा लेख लिहायचं मुख्य कारणही त्याच आहेत. साक्री, धुळे, शिंदखेडा, चोपडा, पारोळा, कुठलाही शेतकरी असो, बियाण्याची तक्रार करताना त्याने सर्वात आधी शेजारचं चांगलं वावर पंचनाम्यात घालून घ्यावं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे उळं सहसा घरचंच. चांगले कांदे निवडायचे, डोंगळे लावायचे, गोंडे वाळवून बी धरायचं. आदल्या साली डोंगळा फुलात असताना गारपीट झाली आणि सगळं भुईसपाट झालं. म्हणून दोन एकरांसाठी धुळ्याच्या एका कृषी सेवा केंद्रातून सहा किलो बियाणं आणलं. पाकिटावर उन्हाळी कांद्याचं वाण ठळक छापलेलं, वर लाल-गुलाबी कांद्याचं चित्र.

बिल मागितल्यावर दुकानदार म्हणाला, "आप्पा, पक्कं बिल घेतलं तर टॅक्स लागेल. कशाला उगीच?" ही थाप खान्देशातल्या किती दुकानांत किती वर्षं चालते आहे देव जाणे. पेरणीच्या बियाण्यावर जीएसटी नाही. शून्य. खतावर आहे, औषधावर आहे, बियाण्यावर नाही. मी तसं सांगितल्यावर त्याने कपाळाला आठ्या घालून बिलावर लिहिलं, "कांदा बी, ६ किलो". कंपनीचं नाव नाही, वाणाचं नाव नाही, लॉट नंबर नाही. ते सगळं लिहा म्हटल्यावर बाकीच्या गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने म्हणाला, "तुमच्यासारखे दोन जण आले तर दुकान बंद करावं लागेल आमाले." चार लोक हसले. मी लिहून घेतल्याशिवाय हललो नाही. माझ्यामागे उभ्या असलेल्या आमच्याच शिवारातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी त्याच लॉटचं बियाणं साध्या चिठ्ठीवर नेलं. आज त्यांच्या हातात काहीच नाही. शेठ म्हणतो, हे बाबा कधी दुकानात आलेच नाहीत.

बियाणे नियंत्रण आदेश १९८३ सालचा आहे. प्रत्येक विक्रेत्याने गिऱ्हाइकाला पावती दिलीच पाहिजे, साठा आणि भाव फलकावर लावलेच पाहिजेत, असं त्यात आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. तरी बिल मागणारा माणूस दुकानात भांडखोर ठरतो आणि न देणारा व्यवहारी. याचा मला जो राग आहे तो केस लागली तरी जाणार नाही.

फेब्रुवारीत डेंगळे दिसायला लागले. आधी तुरळक वाटले. दोन-चार डेंगळे कुठल्याही वावरात येतात, त्याचं कुणी काही मानत नाही. पण पाणी भरताना खाली वाकून कांद्याच्या मानेला चिमटा घेतला, तर झाडामागून झाड आतून कडक लागत होतं. पातीच्या मधोमध पोकळ दांडा, टोकाला पांढऱ्या पापुद्र्यात मिटलेला गोंडा. एक कांदा उपटून विळ्याने उभा चिरला. मधून नळी गेलेली, पाकळ्या तिच्याभोवती पातळ, आणि कांदा असावा त्याच्या निम्म्यानेही भरलेला नाही. माझ्या आईने तो हातात घेतला, वास घेतला, आणि एवढंच म्हणाली, "हाई आपलं उळं नही शे." तिने सत्तर वर्षं कांदा पाहिला आहे. विद्यापीठाच्या शास्त्रज्ञाने नंतर जे सांगितलं ते त्याहून वेगळं नव्हतं. खरिपाच्या किंवा रांगड्या कांद्याचं बी उन्हाळीच्या हंगामात लावलं की थंडीत ते फुलावर येतं.

इथे मी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, कारण कंपन्यांचा सगळा खेळ तिच्यावर चालतो. डेंगळे येण्याला वाण हे एकच कारण नसतं. उळं फार लवकर टाकलं, रोप जून झालं, लागणीनंतर सलग कडाक्याची थंडी पडली, नत्र कमी पडलं, तरी डेंगळे येतात. धुळ्यात तर दरवर्षी पारा दहाच्या खाली उतरतो. म्हणजे कंपनीला दरवर्षी सबब तयारच असते. आणि म्हणूनच नुसतं 'माझं वावर बघा' म्हणून भागत नाही. त्याच थंडीत, त्याच पाण्यावर, वेगळ्या बियाण्याचं वावर दाखवावं लागतं. शेजारी बोलायला कचरत असेल तर त्याची समजूत घाला, पण त्याचा गट नंबर कागदावर घ्या.

दुकानदाराकडे गेलो तर पहिल्यांदा म्हणाला, पोटॅश मारा. पुढच्या वेळी म्हणाला, युरिया जास्त झाला असेल. मग रोप जून होतं. मग पाणी चुकलं. शेवटी म्हणाला, "आम्ही फक्त डबा विकतो आप्पा, कंपनीशी बोला." कंपनीचा फोन लागायचा, तिकडून गोड आवाजात सांगायचे, साहेब येऊन जातील. साहेब येत नव्हते. मला वाटे की माणसं कामात आहेत. मग ध्यानात आलं की ते काढणीची वाट बघत आहेत. एकदा कांदा निघाला, पात कापली गेली, की समितीला बघायला वावरात राहतं काय?

म्हणून सांगतो, दुकानदाराच्या 'बघू' वर एक दिवसही घालवू नका. पीक उभं असतानाच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे आणि पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. बियाण्याच्या तक्रारीसाठी तालुका पातळीवर समिती असते. उपविभागीय कृषी अधिकारी तिचे अध्यक्ष, कृषी विद्यापीठाचा प्रतिनिधी तिच्यात असतो, आमच्या भागाला राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ लागतं. पाहणीच्या आधी कंपनी आणि विक्रेत्याला कळवलं गेलं आहे ना, याची खात्री स्वतः करा. नाहीतर पुढे ते म्हणतात, आमच्या अपरोक्ष पंचनामा झाला. अहवालात नुसतं 'भेसळ आढळली' असं नको. शेकडा किती, आणि त्यामुळे उत्पन्नात अंदाजे किती टक्के घट, हे आकड्यात हवं. घट लिहिलेली नसेल तर आयोग भरपाई कशावर मोजणार? हे मी सही करण्याआधी वाचलं आणि लिहून घेतलं. वाचल्याशिवाय सही करू नका हे सगळेच सांगतात, तेही खरंच आहे.

सातबाऱ्यावर कांदा हवा. ई-पीक पाहणी २०२१ पासून आपल्यालाच मोबाइलवरून करावी लागते. कंपनीच्या वकिलाने उत्तरात पहिलाच मुद्दा घेतला होता, की या गटात कांदा लावलाच नव्हता. माझ्या उताऱ्यावर रब्बी कांदा फोटोसकट नोंदलेला होता, म्हणून तो मुद्दा तिथेच संपला. शिवारातल्या दुसऱ्या एकाच्या उताऱ्यावर हरभरा राहून गेला आहे. त्याचं नुकसान माझ्यापेक्षा मोठं, पण उताऱ्यापुढे कोण ऐकतो?

पाकिटं मी फेकली नव्हती. हे आमच्या वडिलांचं वळण. रिकामी पाकिटं, त्यावरचा टॅग आणि मूठभर बी, सगळं चाचणीच्या दिवसासाठी डब्यात ठेवलं होतं. पाकिटाच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं आहे की कंपनीची जबाबदारी बियाण्याच्या किमतीपुरतीच, आणि वाद झाला तर तो कंपनीच्या गावच्या कोर्टात. ते वाचून आमच्यातले निम्मे लोक घरी बसले. घाबरू नका. २०१९ च्या नव्या कायद्यात ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. धुळ्याच्या माणसाने धुळ्यात, जळगावच्या माणसाने जळगावात. पाकिटावरच्या ओळीने तो हक्क जात नाही.

कांदा चाळीत टाकण्यासारखा नव्हता. उन्हाळी कांद्याची सगळी किंमत टिकण्यात असते, भाव चढेपर्यंत चाळीत राहण्यात. डेंगळ्याचा दांडा मोडला तरी नळी आत राहते आणि तिथून कांदा सडतो. मजूर लावून निवड केली, आणि एप्रिलच्या पडत्या भावात माल पिंपळनेरच्या बाजारात नेला. व्यापाऱ्याने ट्रॉलीत हात घालून दोन कांदे काढले, मान दाबून पाहिली आणि लिलाव पुढच्या ट्रॉलीकडे नेला. शेवटी गोल्टीच्या भावाच्याही खाली गेला. ती हिशेबपट्टी आणि त्याच दिवसाचा बाजार समितीचा सरासरी भाव, दोन्ही मी जोडून ठेवले आहेत. दोन्हींतला फरक हाच तुमच्या नुकसानीचा पुरावा. रडून सांगितलेलं नुकसान कुणी मोजत नाही.

मग कंपनीचे साहेब आले. अर्ज, पंचनामा, वकिलाची नोटीस असं सगळं झाल्यावर आले. सोबत शेठही, आणि आता 'आप्पा' ऐवजी 'आप्पासाहेब'. म्हणाले, बियाण्याचे पैसे परत देतो, पुढच्या हंगामाला पाकिटं मोफत देतो, विषय वाढवू नका. बॅगेतून मुद्रांक कागद काढला. त्यावर सगळा मजकूर टाइप केलेला: सदर बियाण्याबाबत माझी कोणतीही तक्रार नाही, भविष्यात करणार नाही, पंचनामा गैरसमजुतीतून झाला. फक्त नाव, गाव आणि गट नंबरच्या जागा कोऱ्या.

त्या कोऱ्या जागांकडे मी बराच वेळ बघत राहिलो. हा कागद माझ्यासाठी केलेला नव्हता. हा छापून ठेवलेला होता. म्हणजे या लॉटचं काय झालंय हे कंपनीला माझ्या आधी माहीत होतं, आणि अशा किती बांधांवर हा कागद फिरून आला असेल! इतके दिवस ही माणसं मला पाणी चुकलं, युरिया चुकला, रोप चुकलं असं सांगत होती, आणि बॅगेत सह्यांचे कागद घेऊन फिरत होती. मी सही केली नाही. आमच्या शिवारातल्या दोघांनी केली, त्यांना पैशाची निकड होती, त्यांच्यावर माझा राग नाही.

बिल आणि पाहणीची हीच अडचण केळीवाल्यांचीही आहे. जळगावकडे माझी बहीण चोपडा तालुक्यात दिली आहे. तिच्या घरी केळी. दाजींनी टिश्यू कल्चरची रोपं आणली आणि काही आठवड्यांत पानांवर पिवळे पट्टे उमटले. तिकडे त्याला हरण्या म्हणतात, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू. कृषी खातं सांगतं की रोगट झाडं ताबडतोब उपटून नष्ट करा, आणि ते बरोबरच आहे, मावा तो रोग पसरवत जातो. दाजींनी तसंच केलं. मग नर्सरीवाला म्हणाला, दाखवा कुठे आहे रोग? बिलावर फक्त 'रोपे' लिहिलेलं, बॅच नंबर नाही. तेव्हा केळीवाल्यांनी उपटण्याच्या आधी, त्याच दिवशी, अधिकाऱ्याला बोलावून पाहणी करून घ्यावी, तारखेचे फोटो काढावेत, मगच हात लावावा.

आणि खताची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीवर २६६ रुपये ५० पैसे छापलेलं असतं. पण जुलैत दोन पाऊस झाले की ती गोणी एकटी मिळत नाही, सोबत कुठलं तरी झिंक, कुठलं तरी द्रवरूप खत घ्यावंच लागतं. याला लिंकिंग म्हणतात आणि ते बेकायदा आहे. अनुदानाचं खत पॉस मशिनवर अंगठा घेऊनच विकायचं असतं, त्या मशिनची छापील पावती मागून घ्या. सोबतचं नको असेल तर तसं लेखी कळवा, तोंडी नको. शहरातल्या माणसाला दुधाच्या पिशवीबरोबर कुणी साबण गळ्यात मारला तर तो ओरडेल. आमच्याकडे हे दर पावसाळ्यात चालतं आणि रांगेतला माणूस गप्प राहतो, कारण पेर निघून जाते.

कायद्याचं एक मात्र नीट लक्षात ठेवा. बियाणे कंपनीचे वकील चार गोष्टी म्हणतात: शेतकरी हा ग्राहकच नाही कारण तो धंद्यासाठी बियाणं घेतो, बियाण्याची तक्रार बियाणे कायद्याखाली करा, नमुना प्रयोगशाळेत तपासलेला नाही, आणि पीक हवामानावर असतं. आंध्रातल्या शेतकऱ्यांच्या प्रकरणात राष्ट्रीय बियाणे महामंडळाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २०१२ रोजी निकाल दिला आहे. शेतकरी ग्राहक आहे, बियाणे कायदा असला तरी ग्राहक मंचात जाता येतं, आणि पेरणीला आणलेलं सगळं बी शेतकरी पेरून टाकतो, त्याने तपासणीसाठी नमुना राखून ठेवावा अशी अपेक्षा करता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे. या निकालाची प्रत तक्रारीला जोडा. ज्यांनी बी जपलं नाही त्यांनीही याच निकालामुळे हात टेकू नयेत.

भरलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी लागत नाही, आणि इथे भरलेली किंमत म्हणजे बियाण्याची, मागितलेल्या भरपाईची नव्हे. तक्रार मराठीत लिहिता येते, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे नोंद करा, पण तिथल्या नोंदीने आयोगातली मुदत थांबते असं समजू नका. २०२५ पासून ई-जागृती या पोर्टलवरून घरबसल्या तक्रार भरता येते. मला ती माझ्या पुतणीने भरून दिली. अर्ज कसा मांडायचा हे ग्राहक पंचायतीच्या एका कार्यकर्त्याने समजावलं. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात सुरू केलेलं ते काम आज आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात उपयोगी पडतं, त्यांचे ऋण मानले पाहिजेत. कंपनी हरली आणि वर अपिलात गेली तर तिला आदेशाच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते, हेही माहीत असू द्या. तडजोडीच्या टेबलावर ते उपयोगी पडतं.

कायदा म्हणतो की नोटीस पोचल्यापासून तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच. माझी तक्रार त्यापेक्षा कितीतरी जास्त काळ पडून आहे. कधी समोरचे वकील नाहीत, कधी त्यांना वेळ वाढवून हवी, कधी बोर्डावर नंबरच लागत नाही. त्यांच्या वकिलाला तारखेचे पैसे मिळतात, माझी मात्र मजुरी बुडते. तक्रार करणाऱ्याने हे धरून चालावं आणि तरी करावी. शक्य असेल तर एकाच लॉटच्या सगळ्यांनी मिळून करावी, कायद्यात तशी सोय आहे. एकट्याला ते थंडीचं सांगतील. तीन तालुक्यांतल्या, वेगवेगळ्या पाण्यावरच्या, वेगवेगळ्या तारखांना लागण केलेल्या वीस जणांना काय सांगणार?

म्हणून धुळे आणि जळगावच्या कांदेवाल्यांना विनंती आहे. गेल्या रब्बीत ज्यांच्या उन्हाळी कांद्याला असे डेंगळे आले आणि ज्यांच्याकडे पाकीट, टॅग, बिल, बाजाराची पट्टी यातलं काहीही शिल्लक आहे, त्यांनी ते फेकू नये. लॉट नंबर पाहा, आपल्या तालुका कृषी कार्यालयात त्याच लॉटची आणखी कुणाची तक्रार आहे का ते विचारा आणि दोन वर्षांच्या आत आयोगात अर्ज द्या. ज्यांनी तो छापील कागद सही करून दिला आहे, त्यांनी निदान त्याची एक प्रत तरी मागून घ्यावी. आमच्या प्रकरणात तो कागद पुरावा म्हणून दाखल करायचा आहे.